जाहिरातीचं नेटवर्क निवडताना दर शेवटी विचारा

'या अंकातील जाहिरातींमधील मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही.' मराठी वर्तमानपत्रांत आणि मासिकांत हे वाक्य बारीक टाइपात इतकी वर्षं छापलं जातंय की ते आता कुणी वाचतही नाही. वाक्य पळवाटेचंच आहे. पण त्या पळवाटेतही एक गोष्ट गृहीत असते: जाहिरात कुणीतरी नजरेखालून घातली आहे. जाहिरात विभागातल्या माणसाने मजकूर घेतला, पैसे ठरवले, पान लावणाऱ्याने ती कुठल्या बातमीशेजारी बसवायची ते पाहिलं. दावा पटला नसेल, पण आपण काय छापतोय हे ठाऊक होतं. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेनेही जाहिरातींसकट सगळ्या मजकुराची जबाबदारी संपादकावर टाकली आहे. ती नाकारायची तर आधी तसं जाहीर करावं लागतं. म्हणून ते बारीक टाइपातलं वाक्य.

वेबसाइट चालवणाऱ्याला एवढंही ठाऊक नसतं. तो नेटवर्ककडून, म्हणजे जाहिरातदार आणि साइट यांच्यामधल्या मध्यस्थ कंपनीकडून, आलेला कोड साइटमध्ये चिकटवतो आणि मोकळा होतो. वाचक पान उघडतो तेव्हा त्या जागेचा लिलाव होतो, पापणी लवायच्या आत बोली लागते आणि जिंकणाऱ्याची जाहिरात झळकते. वाचक बदलला, गाव बदललं, फोन बदलला की जाहिरात बदलते. साइटचा मालक पुण्यात बसून स्वतःचं पान बघतो तेव्हा त्याला मोटारीची नाहीतर म्युच्युअल फंडाची जाहिरात दिसते. तेच पान परभणीत उघडणाऱ्याला 'पाच मिनिटांत कर्ज' दिसतं. आपल्या पानावर काय छापून येतंय हे कळायला मालकाला दुसऱ्याचा फोन मागावा लागतो.

तरीही 'कुठलं नेटवर्क घेऊ?' असं कुणी विचारलं की चर्चा सुरू होते ती दरापासून. हजार व्ह्यूजना किती? पेआउट कधी? थ्रेशोल्ड, म्हणजे किती रक्कम साठल्यावर पैसे हातात येतात, ती किती? मला हा क्रमच उलटा वाटतो. नेटवर्क निवडणं हा आधी संपादकीय निर्णय आहे आणि मग हिशेबाचा. माझ्या पानावर काय येणार हे कोण ठरवणार, आणि 'नको' म्हणायचा अधिकार माझ्या हातात किती उरणार, हे पहिले प्रश्न. त्यांची उत्तरं मिळेपर्यंत दराची चौकशीही करू नये. हे काही साधुसंतांचं बोलणं नाही; हिशेबानेही तेच निघतं, ते पुढे येईलच.

आधी या निर्णयाची किंमत कोण मोजतं ते बघू. जून २०२४ च्या राज्य अर्थसंकल्पात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली, महिना पंधराशे रुपयांची. जुलैत अर्ज सुरू झाले आणि 'फॉर्म कसा भरावा', 'कागदपत्रं कोणती', 'यादीत नाव कसं बघायचं' असं सांगणाऱ्या मराठी पानांचं पीक आलं. पुढे ई-केवायसीची अट आली तेव्हा पुन्हा एकदा. यातली काही पानं चांगली होती, मन लावून लिहिलेली. पण बरीचशी पानं फोनवर अशी दिसतात: वर मोठं शीर्षक, खाली दोन ओळी, मग जाहिरात. पुन्हा दोन ओळी, पुन्हा जाहिरात. मध्येच ठसठशीत हिरवं बटण, त्यावर 'डाउनलोड'. फॉर्म शोधत आलेली बाई ते बटण दाबणार, आणखी काय करणार? ते बटण म्हणजेच जाहिरात असते. फॉर्मची खरी लिंक त्याच्या बोटभर खाली, बारीक निळ्या अक्षरात. बटण दाबल्यावर कधी कुठलंसं ॲप उतरतं, कधी 'पुढे जाण्यासाठी अलाउ दाबा' असं पान येतं. अलाउ दाबलं की त्या फोनवर दिवसभर नोटिफिकेशनं वाजत राहतात: तुम्हाला बक्षीस लागलंय, तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे, तुमचं कर्ज मंजूर झालंय. त्या बाईला यातलं काय कुठून आलं हे कधीच कळणार नाही. मुलगा किंवा पुतण्या येऊन फोन बघेल तेव्हा 'काय काय दाबत असतेस गं' म्हणून तिलाच बोलणी बसतील.

साइटच्या मालकाला विचारलं तर तो म्हणतो, मी कुठे ती जाहिरात लावली? नेटवर्कवरून आली. नेटवर्क म्हणतं, आमच्याकडे ती एका एक्स्चेंजवरून, म्हणजे जिथे जागांचा लिलाव होतो त्या बाजारातून, आली. एक्स्चेंज म्हणतं, खरेदीदाराने नियम मोडले, आम्ही त्याचं खातं बंद केलं. सगळे खरंच बोलत असतात. आणि त्या हिरव्या बटणाचे पैसे सगळ्यांच्या खात्यात जमा झालेले असतात.

कायद्यानेही इथे एक दार उघडं ठेवलंय. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधलं कलम २१ दिशाभूल करणारी जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड लावू शकतं. मात्र ती व्यवसायाच्या नेहमीच्या ओघात प्रसिद्ध केली, हे सिद्ध केलं तर तो सुटतो. अट एवढीच की ती मागे घेण्याचा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचा आदेश त्याला आधीपासून माहीत नसावा. छापील पेपरसाठी ही सवलत समजण्यासारखी आहे. पण ज्याच्या धंद्याची नेहमीची पद्धतच 'मी काही बघत नाही' अशी आहे, त्याला या सवलतीखाली कायमचं बसता येतं. न बघण्याचं बक्षीस आणि बघणाऱ्याला डोकेदुखी, अशी ही रचना झाली आहे.

आता पैशाकडे वळू. जाहिरातदाराने शंभर रुपये दिले तर साइटला त्यातले किती मिळतात? गूगलने २०१० साली पहिल्यांदा जाहीर केलं की ॲडसेन्स या त्यांच्या जाहिरात नेटवर्कमधून मजकुराच्या पानांवरच्या जाहिरातींचे ६८ टक्के प्रकाशकाला जातात. २०२३ च्या शेवटी नवी मांडणी जाहीर झाली: जाहिरातदाराच्या बाजूने खरेदी करणाऱ्या मध्यस्थाचं शुल्क वजा होऊन उरलेल्यातले ८० टक्के, आणि गूगलच्याच सांगण्यानुसार बेरीज साधारण तेवढीच येते. त्याच वेळी क्लिकऐवजी जाहिरात दिसण्यावर पैसे मोजायची पद्धतही जाहीर झाली. ६८ टक्के म्हणजे वाईट नाही. निदान आकडा उघड आहे, हीच त्यातली मोठी गोष्ट.

कारण मध्यस्थांची साखळी लांबली की आकडा धुक्यात जातो. ब्रिटनमधल्या गार्डियनने २०१६ मध्ये स्वतःच्याच साइटवरच्या जाहिरातीच्या जागा बाहेरून विकत घेऊन पाहिल्या. काही वेळा एका पौंडातले जेमतेम तीस पेन्स त्यांच्याच तिजोरीत परत पोचले. २०२० मध्ये ब्रिटिश जाहिरातदारांच्या संघटनेने पीडब्ल्यूसी या हिशेब तपासणाऱ्या कंपनीकडून अशा व्यवहारांची तपासणी करून घेतली, तेव्हा जाहिरातदाराच्या खर्चातला सरासरी ५१ टक्के भाग प्रकाशकापर्यंत गेला. उरलेल्यातला बराच मध्यस्थांच्या शुल्कात गेला, पण १५ टक्के रकमेचा मागच लागला नाही. मोठमोठ्या कंपन्यांचे हिशेबनीस, नावाजलेले प्रकाशक, आणि तरी १५ टक्के कुठे गेले ते सापडेना. आपल्या साताऱ्याच्या किंवा डोंबिवलीच्या एकांड्या साइटवाल्याने नेटवर्कच्या डॅशबोर्डवरच्या आकड्यावर कितपत विसंबायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

म्हणून 'आम्ही तिप्पट दर देतो' या वाक्याला एकट्याने अर्थ नसतो. उदाहरणच घ्या. महिन्याला एक लाख पानं वाचली जाणारी साइट आहे. पहिलं नेटवर्क सगळं वजा जाता हजार पानांमागे चाळीस रुपये हातात ठेवतं: महिन्याचे चार हजार. दुसरं सांगतं, आमचा दर हजाराला शंभर. पण त्याच्याकडे जाहिरातदार कमी, म्हणून निम्म्या वेळा जागा रिकामी राहते, झाले पन्नास. त्यातून त्याचे तीस टक्के जातात, उरले पस्तीस. महिन्याचे साडेतीन हजार, तेही साठ दिवसांनी, आणि ठरावीक रक्कम साठल्यावरच. वर त्याच्या पॉप-अपला वैतागून माणसं एकच पान वाचून निघून जातात, म्हणजे पुढच्या महिन्यात एक लाख पानंसुद्धा राहत नाहीत. आकडे मी सोयीचे घेतलेत, पण गणिताची रीत ही अशीच. शंभर हा आकडा जाहिरातीत छापता येतो, पस्तीस छापता येत नाही.

मराठी पानांना मुळात दर कमी, ही तक्रार खरी आहे. ॲडसेन्सने हिंदीला दार उघडलं ते २०१४ च्या डिसेंबरात. मराठीची पाळी यायला आणखी काही वर्षं गेली. तोवर मराठीत लिहिणारे इंग्रजी पानांच्या आडून खातं मंजूर करून घेत, नाहीतर भाषेची अट नसलेल्या परदेशी नेटवर्कच्या दारात जात. वाईट सवयी तिथूनच लागल्या. आज भाषेची अडचण राहिलेली नाही, पण बोली लागते ती वाचक कुठे बसलाय आणि काय विकत घेईल यावर. न्यू जर्सीत बसून उकडीच्या मोदकांची कृती वाचणारी वाचक जालन्यात तीच कृती वाचणारीपेक्षा जाहिरातदाराला कितीतरी महाग पडते. जालन्याच्या वाचकासाठी चढी बोली कोण लावतं? ज्याला एका फशी पडलेल्या माणसाकडून सगळं वसूल करायचंय तो. कर्जाची ॲपं, सट्टा, 'घरबसल्या कमवा', गुडघेदुखीवरचं तेल. स्वस्त जागेत चढा दर देणाऱ्याकडे म्हणूनच आधी संशयाने बघावं.

सट्ट्याचं तर उघड आहे. माहिती व प्रसारण मंत्रालयाने जून २०२२ मध्ये ऑनलाइन सट्ट्याच्या जाहिराती घेऊ नका असं माध्यमांना सांगितलं, ऑक्टोबरात डिजिटल बातमीदारांना पुन्हा सांगितलं, कारण सट्ट्याची दुकानं 'स्पोर्ट्स न्यूज'च्या बुरख्याआडून जाहिरात करत होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या खेळांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नेटवर्कचं कार्यालय सायप्रसला किंवा आणखी कुठे असेल. साइटचं डोमेन ज्याच्या नावावर आहे तो मात्र नाशिकला असतो आणि त्याच्या आधारकार्डावर पत्ता असतो. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींवर तर आपल्याकडे १९५४ पासूनच कायदा आहे. पण मी म्हणतो कायदा बाजूला ठेवा. आयपीएलच्या दिवसांत शाळकरी पोरं धावफलक बघायला ज्या साइटवर येतात तिथे सट्ट्याचं बॅनर का असावं, याचं उत्तर मालकाने स्वतःच्या घरात तरी देऊन बघावं.

मग निवड करायची कशी? इथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे: निवडायला वाटतं तेवढं काही नाही. १७ एप्रिल २०२५ रोजी व्हर्जिनियातल्या संघीय न्यायालयाने निकाल दिला की प्रकाशकांचं जाहिरात सर्व्हर (कुठल्या जागेत कुठली जाहिरात लागायची ते ठरवणारी यंत्रणा) आणि जाहिरातींचं एक्स्चेंज या दोन्ही बाजारांत गूगलने बेकायदा मक्तेदारी केली. त्याच वर्षी सप्टेंबरात युरोपीय आयोगाने जाहिरात तंत्रज्ञानाच्याच प्रकरणात २९५ कोटी युरोंचा दंड ठोठावला. आपल्याकडे डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला होता. तर, 'गूगलला पर्याय' म्हणून मिरवणारी पुष्कळशी छोटी नेटवर्कं प्रत्यक्षात गूगलच्याच एक्स्चेंजमधला माल आपल्या हिश्शाने पुढे विकतात. दुकान दुसरं, गोदाम तेच.

हे ओळखायची एक सोपी खूण आहे आणि ती फुकट आहे. २०१७ मध्ये आयएबी टेक लॅब या ऑनलाइन जाहिरातींचे तांत्रिक मापदंड ठरवणाऱ्या संस्थेने 'ॲड्स डॉट टीएक्सटी' (ads.txt) नावाची एक साधी फाइल आणली. जाहिराती लावणाऱ्या बहुतेक साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ मारून हे नाव टाका, ती उघडते. त्या साइटवरची जागा कुणाकुणाला विकायचा अधिकार आहे याची ही यादी. एका ओळीत चार गोष्टी, मध्ये स्वल्पविराम: एक्स्चेंजचं नाव, खाते क्रमांक, मग 'डायरेक्ट' (खातं साइटच्या मालकाचंच) किंवा 'रीसेलर' (जागा पुढे विकणारा मध्यस्थ), आणि शेवटी एक ओळखखूण. फक्त ॲडसेन्स वापरणाऱ्याच्या फाइलीत एकच ओळ असते: गूगल, 'पब' आणि पुढे सोळा आकडे, डायरेक्ट. नव्या नेटवर्कशी करार झाला की ते म्हणतं, ही यादी तुमच्या फाइलीत टाका. यादी कधी चाळीस ओळींची असते, कधी चारशे. बहुतेक जण डोळे मिटून चिकटवतात. तिथे थांबा आणि मोजा. 'डायरेक्ट' किती, 'रीसेलर' किती? डायरेक्ट म्हणून लिहिलेलं खातं खरंच तुमच्या नावाचं आहे, की नेटवर्कचं? चारशे रीसेलर म्हणजे चारशे जणांना तुमच्या जागेची दलाली करायचं मुखत्यारपत्र लिहून देणं. त्यातल्या एकाने भलती जाहिरात आणली तर ती कुणाकडून आली हे शोधायला नेटवर्कलाही आठवडा लागेल, आणि मधल्या काळात ती तुमच्याच नावाने दिसत राहील. नेटवर्कच्या विक्रेत्याशी तासभर बोलून जे कळत नाही ते ही फाइल दोन मिनिटांत सांगते.

याच कारणाने, मक्तेदारीचा निकाल लागूनही, छोट्या मराठी साइटला मी पहिली पायरी म्हणून ॲडसेन्सच सुचवतो. प्रेमाने नव्हे. तिथे 'नको' म्हणायची बटणं आहेत: झटपट श्रीमंती, वजन घटवणं, डेटिंग, ज्योतिष आणि करणी अशा वर्गांना एकेक करून बंद करता येतं, जुगार मुळातच बंद असतो, हवा असेल तर उघडावा लागतो, येऊन गेलेल्या जाहिराती एकत्र बघून नकोशी नेमकी तेवढीच अडवता येते. किती जण ही बटणं दाबतात हा वेगळा प्रश्न. सेटिंगच्या त्या पानावर कधीच न गेलेले लोक 'गूगल काहीही दाखवतं' म्हणून तक्रार करतात. 'ऑटो ॲड्स' चालू करून दिलं की यंत्र परिच्छेदापरिच्छेदात जाहिराती खुपसतं, तेही बंद करता येतं. जाच आहेतच. शंभर डॉलर साठल्याशिवाय पैसे मिळत नाहीत, आणि छोट्या साइटला त्याला कित्येक महिने लागतात. दहा डॉलर झाले की पत्ता तपासायला पिनचं पाकीट पोस्टाने येतं. गावाकडच्या पत्त्यावर ते पोचणं हा स्वतंत्र नशिबाचा खेळ. आणि नातेवाइकांना 'रोज येऊन जाहिरातीवर क्लिक करत जा' असं सांगणाऱ्यांची खाती एके दिवशी बंद होतात, त्यात गूगलची काही चूक नाही.

अफिलिएटबद्दल बोलताना लोकांचा सूर बदलतो. बॅनर म्हणजे कटकट, अफिलिएट म्हणजे सभ्य कमाई, असा समज आहे. वस्तूबद्दल लिहा, लिंक द्या, वाचकाने घेतली तर कमिशन. ॲमेझॉनने ही योजना १९९६ मध्ये सुरू केली, तेव्हा ती पुस्तकांची दुकानदारी होती आणि कल्पना खरोखर सुरेख होती. पण बॅनर फक्त पानाच्या कडा बिघडवतं; अफिलिएट थेट लेखणीला वळण लावतं. मिक्सरचं परीक्षण लिहिणाऱ्याला 'यातला एकही घेऊ नका, जुन्याचं भांडं बदलून घ्या' असं लिहायचे पैसे कुणी देत नाही. पुस्तकावर कमिशन किरकोळ, क्रेडिट कार्डाच्या एका अर्जावर कितीतरी जास्त. मग पुस्तकांबद्दल लिहिणारी साइट वर्षभरात 'पगारदारांसाठी सर्वोत्तम कार्डं' लिहायला लागली तर नवल काय? हे कुणी जाणूनबुजून करत नाही. डॅशबोर्ड उघडला की ज्या लेखाने पैसे आणले तो वर दिसतो, आणि पुढचा लेख त्याच्यासारखा होतो.

शिवाय कमिशनचे नियम एका बाजूने बदलतात. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत सगळं जग ऑनलाइन खरेदीला लागलं असताना, ॲमेझॉनने अमेरिकेतले दर खाली आणले: फर्निचरचे आठवरून तीन टक्के, किराण्याचे पाचवरून एक. वर्षानुवर्षं त्याच आधारावर उभ्या राहिलेल्या साइटना कुणी विचारलंही नाही. वाचकाने लिंक दाबल्यापासून चोवीस तासांत वस्तू कार्टमध्ये टाकली तरच श्रेय तुमचं. त्याने लेख वाचून दोन दिवस विचार केला, बायकोला विचारलं आणि मग स्वतः साइट उघडून घेतली, किंवा सरळ तुळशीबागेत जाऊन घेतली, तर तुम्ही फुकट मेहनत केलीत. श्रेय शेवटच्या क्लिकला जातं, म्हणून तो शेवटचा क्लिक पळवायचे उद्योगही निघाले. ईबेच्या योजनेत वाचकाच्या ब्राउझरमध्ये गुपचूप कुकी (वाचक कुठल्या लिंकवरून आला याची नोंद ठेवणारी छोटी फाइल) कोंबून कमिशन लाटल्याबद्दल दोघांना २०१४ मध्ये अमेरिकेत तुरुंगवास झाला. २०२४ च्या डिसेंबरात हनी या कूपन शोधणाऱ्या ब्राउझर एक्स्टेन्शनवर आरोप झाला की पैसे भरायच्या क्षणी ते लेखकांच्या लिंकचं श्रेय स्वतःच्या नावावर करून घेतं. प्रकरण कोर्टात गेलं. हनी काही गल्लीतलं नाही, पेपॅलने सुमारे चारशे कोटी डॉलर देऊन घेतलेली ती कंपनी आहे.

म्हणून अफिलिएट घ्यायचंच असेल तर एक कडक रीत मला पटते: लिंकचं कमिशन आधी जाहीर, आणि तेही मराठीत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ मधल्या सूचना सांगतात की आर्थिक संबंधाची कबुली शिफारशीच्याच भाषेत हवी. मराठी लेखाच्या तळाशी इंग्रजी परिच्छेद डकवून ती अट पुरी होत नाही. 'या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं' हे वाक्य पहिल्या लिंकच्या वर लिहायला दहा सेकंद लागतात. ते लिहायला ज्याला लाज वाटते त्याचा लेख मुळात कशासाठी लिहिला आहे, हे वाचकाने ओळखावं.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: हे सगळं पोट भरलेल्यांचं तत्त्वज्ञान आहे. होस्टिंगचे पैसे द्यायचेत, डोमेन नूतनीकरण आहे, लिहिणारा दिवसभर नोकरी करून रात्री लिहितोय. मिळेल ते घेऊ दे त्याला. मी हा आक्षेप हलक्यात घेत नाही. मराठीत फुकट लिहिणाऱ्यांच्या जिवावरच इंटरनेटवरची बरीचशी मराठी उभी आहे. पण वरचं चार हजार आणि साडेतीन हजारांचं गणित पुन्हा पाहा. कळकट नेटवर्कने छोट्या साइटचं दारिद्र्य हटल्याचं उदाहरण मला तरी दिसलेलं नाही. फरक पडतो तो लाखो व्ह्यूजवाल्या योजना-भरती-निकालाच्या कारखान्यांना, आणि त्यांना पोटाचा प्रश्न नाही.

दुसरा मार्ग मराठी प्रकाशनाला नवा नाही. १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून आपल्याकडे अंक काढणारा माणूस जाहिरात मागायला स्वतः दारोदार जात आला आहे. सराफ, सहकारी बँक, मसालेवाले, शेवटच्या पानावर 'एक हितचिंतक'. प्रत्येक जाहिरातीचा माणूस ओळखीचा. पक्ष्यांवरच्या मराठी साइटवर दुर्बिणी विकणाऱ्या स्थानिक दुकानाची महिन्याला हजार-दीड हजारांची एक पट्टी, हे काही स्वप्नरंजन नाही. लिलाव नाही, कुकी नाही, चारशे रीसेलर नाहीत. एक चित्र आणि एक लिंक. वाचकालाही ती उपयोगी.

मात्र इथे मला नेटवर्कच्या बाजूने बोलायलाच हवं, कारण थेट जाहिरातीचं जे गोडगोड चित्र रंगवलं जातं त्यात एक खोट आहे. ओळखीचा जाहिरातदार फोन करतो. जिल्ह्याच्या ठिकाणी पेपर चालवलेल्या कुणालाही विचारा: ज्या बिल्डरची पानभर जाहिरात आहे त्याच्या इमारतीत पाणी नाही ही बातमी किती ओळींची होते? सहकारी बँकेची जाहिरात आणि तिच्या थकबाकीची बातमी एका अंकात शेजारीशेजारी किती वेळा पाहिलीत? नेटवर्कच्या लिलावातला जाहिरातदार तुम्हाला ओळखत नाही, म्हणून तो तुम्हाला गप्पही करू शकत नाही. हा बिनचेहऱ्याचा व्यवहार लिहिणाऱ्याला खरंच एक मोकळीक देतो, आणि गावातल्या सत्तेबद्दल लिहिणाऱ्याने ती सहज सोडू नये. नदीतल्या वाळूबद्दल लिहिणाऱ्या साइटने ट्रॅक्टरच्या डीलरकडून थेट जाहिरात घेण्यापेक्षा नीट आवळलेलं ॲडसेन्स शंभरदा बरं. पाककृती, पक्षी, किल्ले, पुस्तकं यांच्या साइटला उलट थेट जाहिरात सोयीची. दोन्ही ठेवायचं तर थेट जागेचे दर साइटवरच जाहीर लावून टाकावेत, म्हणजे 'आपला माणूस' म्हणून सूट आणि सुटीपोटी गप्प बसणं, दोन्ही टळतं.

आणि हे सारं एकट्यादुकट्या साइटवाल्याच्या विवेकावर सोडून भागणार नाही. नेटवर्कने भारतात पैसे वाटायचे तर भारतात पत्ता आणि तक्रार घेणारं माणूस असावं. एखादी जाहिरात कुणी विकत घेतली हे प्रकाशकाने विचारलं तर नाव सांगणं बंधनकारक असावं. आणि 'नेहमीच्या ओघात'ची सवलत त्यालाच मिळावी ज्याने वर्ग अडवायची बटणं निदान एकदा तरी वापरली आहेत. यातलं काहीही तंत्राच्या दृष्टीने अवघड नाही. खरेदीदाराचं नाव लिलावाच्या यंत्रणेला ठाऊकच असतं, फक्त ज्याच्या पानावर जाहिरात लागते त्याला ते सांगितलं जात नाही.

तोवर साइट चालवणाऱ्याने महिन्यातून एकदा करण्यासारखं एक काम आहे. स्वतःचा लॅपटॉप बाजूला ठेवून, तालुक्याच्या गावातल्या कुणाचा तरी साधा अँड्रॉइड फोन घ्यायचा, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर आपली सगळ्यात जास्त वाचली जाणारी पाच पानं उघडायची आणि जे दिसेल त्याचे स्क्रीनशॉट काढायचे. त्यातली नकोशी जाहिरात तारीख-वेळेसह नेटवर्कला पाठवायची आणि विचारायचं: ही कुणी विकत घेतली? आठवडाभरात सरळ उत्तर आलं नाही तर त्यांचा कोड आणि फाइलीतल्या त्यांच्या ओळी, दोन्ही काढून टाकायचं. दराची चौकशी जे उत्तर देतील त्यांच्याकडे करायची.